नाव सोडा, जमीन धरा: आयरिश शेतकरी घराण्याच्या पिढ्या कशा शोधाव्यात
(मंडळाच्या मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

नमस्कार मंडळी.

डेट्रॉईटच्या आसपास राहणाऱ्या मराठी माणसाला फोर्ड हे नाव नवं नाही. अनेकांचा पगारच त्या नावाने येतो. आज मात्र कंपनीबद्दल बोलायचं नाही. ज्या आयरिश शेतकरी घरातून ती निघाली त्या घराबद्दल, आणि अशा घराच्या पिढ्या कागदावर कशा लावायच्या याबद्दल बोलायचं आहे. आपल्यातल्या काही घरांत आता आयरिश-अमेरिकन सुना आणि जावई आहेत. नातवंडं शाळेतून वंशवेलीचा तक्ता घेऊन येतात. आपली बाजू कुळवृत्तांत उघडून भरता येते, दुसरी बाजू मात्र ‘पणजोबांचे आजोबा कॉर्कहून आले म्हणे’ इथे येऊन थांबते.

कुळवृत्तांताची सवय इथे थोडी नडते. आपण मूळ पुरुष धरतो आणि खाली उतरतो. आयरिश घराण्यात असं केलं की पहिल्याच पायरीवर परक्या वंशात शिरण्याची भीती असते. जॉन, विल्यम, पॅट्रिक, मायकल, मेरी, ब्रिजेट अशी मोजकी नावं पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहतात, आणि एका काउंटीत एकाच वयाचे चार जॉन सहज सापडतात. त्यामुळे उलट्या दिशेने, अमेरिकेतल्या शेवटच्या माणसापासून मागे जायचं. आणि दोन सारख्या नावांत निवड करायची वेळ आली की निकाल जमिनीवर सोडायचा. माणसं गाव बदलतात, वय चुकीचं सांगतात, नावाचं स्पेलिंग बदलतात. ऐंशी एकरांचा तुकडा मात्र होता तिथेच असतो.

फोर्ड घराण्याचा सांगाडा असा. जॉन फोर्ड हा पश्चिम कॉर्कमध्ये क्लोनाकिल्टीजवळच्या बॅलिनास्कार्टी भागातला कूळ, म्हणजे जमीनदाराची जमीन खंडाने कसणारा. त्याचे भाऊ सॅम्युएल आणि जॉर्ज १८३२ मध्येच मिशिगनला आले होते. बटाट्यावर रोग पडून दुष्काळ आला, तेव्हा १८४७ साली जॉन कुटुंबासह निघाला. पत्नी थॉमसिना वाटेतच गेली, असं घराण्याच्या इतिहासात सांगतात. मुलगा विल्यम तेव्हा विशीत होता. पुढल्या वर्षी, १८४८ मध्ये, जॉनने रेडफर्ड टाउनशिपमध्ये हेन्री मेबरीकडून ८० एकर ३५० डॉलरला विकत घेतले. विल्यमचं लग्न १८६१ मध्ये मेरी लिटोगटशी झालं आणि ३० जुलै १८६३ रोजी हेन्री, कंपनीचा संस्थापक, जन्मला.

या खरेदीत एक गोष्ट लक्षात घ्या. जमीन खासगी मालकाकडून घेतलेली आहे. आयरिश शेतकरी म्हटलं की लोक थेट होमस्टेडची, म्हणजे वसून कसण्याच्या अटीवर सरकारने दिलेल्या जमिनीची, फाइल शोधू लागतात. पण होमस्टेड कायदा २० मे १८६२ चा. तोवर दक्षिण मिशिगनमधली बहुतेक सरकारी जमीन रोखीने विकून झाली होती, आणि ती दुसऱ्या-तिसऱ्या हाती फिरत होती. अशा कुटुंबाचं नाव केंद्र सरकारच्या भूमी-अभिलेखांत नसतंच. ते काउंटीच्या रजिस्टर ऑफ डीड्सच्या, म्हणजे खतं नोंदवणाऱ्या कचेरीच्या, वह्यांत असतं. होमस्टेडच्या फायली कामाच्या ठरतात त्या पुढच्या पिढीसाठी, म्हणजे धाकटे मुलगे नेब्रास्का किंवा डाकोटाला गेले असतील तर. तिथे १६० एकरांसाठी पाच वर्षं राहून कसल्याचा पुरावा द्यावा लागे. फाइलमध्ये घराची मापं, किती एकर नांगरले, दोन साक्षीदारांचे जबाब, आणि परदेशी जन्माचा माणूस असेल तर नागरिकत्वाच्या कागदाची प्रतही सापडते.

खरेदीखत वाचायला सर्व्हेची पद्धत कळायला हवी. सहा मैल लांब, सहा मैल रुंद अशी एक टाउनशिप. तिचे ३६ सेक्शन, प्रत्येक एक चौरस मैलाचा, म्हणजे ६४० एकरांचा. क्रमांक ईशान्य कोपऱ्यात १ ने सुरू होतो, पश्चिमेला जातो, खाली उतरून परत पूर्वेला येतो, असं नागमोडी करत आग्नेय कोपऱ्यात ३६ वर संपतो. सेक्शनचा चौथा भाग १६० एकरांचा आणि त्याचा अर्धा ८०. समजा खतात लिहिलं आहे: वेस्ट हाफ ऑफ नॉर्थईस्ट क्वार्टर, सेक्शन ३४, टाउनशिप १ साउथ, रेंज १० ईस्ट. हे शेवटाकडून वाचायचं. आधी टाउनशिप (बेसलाइनपासून दक्षिणेला कितवी) आणि रेंज (पूर्वेला कितवी रांग), मग सेक्शन, मग ईशान्येचा चौथा हिस्सा, त्याचा पश्चिमेकडचा अर्धा. म्हणजे ८० एकर. आपल्या भागात हे जमिनीवर दिसतंही. ज्याला आपण एट माइल रोड म्हणतो तीच मिशिगनच्या सर्व्हेची बेसलाइन, म्हणजे टाउनशिप मोजायची आधाररेषा. तिथून सहा मैल दक्षिणेला जॉय रोड, तिथे रेडफर्डची पहिली टाउनशिप संपते आणि डिअरबॉर्नची सुरू होते. फोर्ड कुटुंबाची दफनभूमी याच जॉय रोडवर आहे. हेन्री आणि त्याची पत्नी क्लारा तिथेच आहेत.

सर्व्हेची टाउनशिप आणि कारभाराची टाउनशिप या मात्र वेगळ्या गोष्टी. दुसरीच्या हद्दी बदलत गेल्या. हेन्रीचा जन्म स्प्रिंगवेल्स टाउनशिपमध्ये नोंदलेला आहे, आणि ती जागा आता डिअरबॉर्नमध्ये येते. जन्मस्थळाचं नाव बदललं म्हणून कुटुंब हललं असं धरू नका; आधी सेक्शन क्रमांक जुळतो का ते बघा.

रजिस्टर ऑफ डीड्सच्या कचेरीत विकणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची अशा दोन सूची असतात. दोन्ही चाळाव्यात, आणि मृत्यूनंतरची निदान वीस-तीस वर्षं चाळावीत. कारण खत करणं आणि ते नोंदवणं यांत कधीकधी दशकं जात, आणि सूची नोंदणीच्या तारखेने लागते. खरी कमाई खरेदीत नसते, ती वाटपात असते. बाप मृत्युपत्र न करता गेला की प्रत्येक वारस आपला हिस्सा एका भावाला क्विटक्लेम डीडने सोडून देतो. त्यात ‘अविभाजित एक षष्ठांश’ असं लिहिलं असेल तर वारस सहा. पाचच खतं सापडली तर सहावा बहुधा जमीन ठेवणारा भाऊ. या खतांत लग्न झालेल्या बहिणी नवऱ्याच्या नावासह आणि राहत्या गावासह येतात. जनगणनेत हरवलेल्या बहिणीचा पत्ता इथेच लागतो. बापाने हयातीतच शेत मुलाच्या नावावर केलं असेल तर बदल्यात काय द्यायचं हेही लिहिलेलं असतं: राहायला खोली, सरपण, पीठ, एक दुभती गाय.

आता जनगणना. १८५० मध्ये पहिल्यांदा घरातल्या प्रत्येकाचं नाव आलं, पण नातं लिहिलं नाही. नातं आलं १८८० मध्ये. १८५० ते १८७० च्या तीन गणनांत एका छपराखाली दिसणारा मुलगा हा पुतण्या, गडी किंवा सांभाळलेला पोरका असू शकतो. फोर्डांच्याच घरात याचं उदाहरण आहे. मेरी लिटोगट ही पॅट्रिक ओ’हर्न या कॉर्कच्या माणसाची सांभाळलेली मुलगी. त्याचं आडनाव कागदात कुठे अहर्न, कुठे ओ’हर्न असं येतं. त्याच्या जुन्या वस्तीचं नाव फेअर लेन, आणि हेन्रीने पुढे आपल्या वाड्याला तेच नाव दिलं. रक्ताचं नातं नाही, पण जागेची आठवण त्या बाजूची. डीएनए चाचणीत या आजोबांचा मागमूस लागणार नाही.

१९०० च्या गणनेत जन्माचा महिना आणि वर्ष, अमेरिकेत आल्याचं वर्ष, नागरिकत्वाची स्थिती, आणि आईला झालेल्या व हयात मुलांची संख्या असते. ही संख्या फार महत्त्वाची: सात झाली, चार हयात असं असेल तर तीन दफनं शोधायची आहेत. १८९० ची गणना १९२१ च्या आगीनंतर जवळजवळ गेलीच, त्यामुळे १८८० ते १९०० मधली वीस वर्षं जमिनीच्या कागदांनी आणि कर-याद्यांनीच भरावी लागतात.

शेतीची वेगळी गणना १८५० ते १८८० मध्ये झाली आणि ती फार कमी लोक उघडून बघतात. कसलेली जमीन, पडीक जमीन, घोडे, दुभत्या गायी, डुकरं, गहू आणि मका किती बुशेल, लोणी किती पौंड. बटाट्यांचे रकाने दोन: रताळी वेगळी आणि ‘आयरिश बटाटे’ वेगळे. एकाच टाउनशिपमध्ये दोन जॉन फोर्ड असतील तर एकर आणि किंमत बघून कोण कोणता ते कळतं. १८५० मध्ये शंभर डॉलरपेक्षा कमी उत्पन्नाची शेतं घेतली नव्हती, तेव्हा नाव नसणं म्हणजे शेत नसणं नव्हे.

नागरिकत्वाच्या कागदांकडून फार आशा ठेवू नका. २७ सप्टेंबर १९०६ च्या आधी कुठल्याही न्यायालयात अर्ज होई आणि जन्मस्थळ म्हणून नुसतं ‘आयर्लंड’ येई. शिवाय मिशिगनमध्ये बराच काळ पहिला इरादापत्राचा, म्हणजे नागरिक व्हायचा इरादा जाहीर करणारा, कागद काढला की मत देता येत असे, म्हणून अनेक शेतकरी तिथेच थांबले.

जहाजाच्या यादीचाही असाच भ्रमनिरास होतो. १८४७ मध्ये क्वेबेकमार्गे येणं स्वस्त होतं, आणि कॅनडाकडे आलेल्या प्रवाशांच्या सलग याद्या १८६५ पासूनच मिळतात. सरहद्द ओलांडल्याच्या अमेरिकी नोंदी तर १८९५ च्या. त्याआधी या वाटेने आलेल्या माणसांचा आगमनाचा कागद नसतोच. तो शोधण्यात महिने घालवू नयेत. न्यूयॉर्कच्या एलिस आयलंड या आगमन केंद्रावर नावं बदलली ही कथाही सोडून द्या: याद्या निघण्याच्या बंदरात तयार होत, आणि ते केंद्र सुरू झालं १ जानेवारी १८९२ ला. तिथे उतरलेली पहिली मुलगी कॉर्कची अ‍ॅनी मूर. तिच्या जागी कित्येक वर्षं इलिनॉयमध्ये जन्मलेल्या दुसऱ्याच अ‍ॅनी मूरचं कौतुक होत राहिलं. २००६ मध्ये कागद तपासल्यावर खरी अ‍ॅनी न्यूयॉर्कमध्येच राहिली होती हे कळलं.

समुद्रापलीकडे जायला काउंटीचं नाव पुरत नाही. टाउनलँड लागतं. ते गाव नव्हे, जमिनीचा सर्वांत लहान अधिकृत तुकडा. आयर्लंडमध्ये असे साठ हजारांहून जास्त आहेत आणि एकाच नावाचे कित्येक. ते कुठे सापडतं? थडग्याच्या दगडावर, चर्चच्या लग्ननोंदीत, मृत्युलेखात, आणि बहुतेकदा आधी आलेल्या भावाच्या कागदात. जॉनचा माग लागत नसेल तर १८३२ मध्ये आलेल्या सॅम्युएल आणि जॉर्जचा लावायचा. शेजारच्या शेतांचे मालकही बघा. एकाच टाउनलँडची माणसं अमेरिकेतही शेजारी शेजारी जमीन घेत.

तिकडचे कागद तुटक आहेत, आणि त्याचं कारण ठाऊक असावं. जून १९२२ च्या अखेरीस डब्लिनच्या फोर कोर्ट्‌समधलं अभिलेखागार जळालं. १८२१ ते १८५१ च्या गणना जवळपास सगळ्या गेल्या, आणि तिथे जमा केलेल्या चर्च ऑफ आयर्लंडच्या शेकडो नोंदवह्याही. फोर्ड कुटुंब प्रोटेस्टंट होतं, त्यामुळे अशा घरांची अडचण जास्त. कॅथलिक वह्या पाद्र्यांकडेच राहिल्या म्हणून वाचल्या. साधारण १८८० पर्यंतच्या वह्या आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. त्यांत आईचं माहेरचं आडनाव असतं, दोन धर्मसाक्षी असतात. कुळवृत्तांतात मुलगी लग्न झाली की पान सोडते, इथे तीच दुवा ठरते. कॉर्कमध्ये जेरेमाया, डार्बी आणि डर्मट हा एकच माणूस असू शकतो, हे ध्यानात ठेवा.

जमिनीकडे परत. दशांश-कराच्या, म्हणजे चर्चसाठी शेतीवर घेतलेल्या कराच्या, वह्या १८२३ ते १८३७ च्या. त्यांत फक्त कसणारे आहेत, मजूर नाहीत, शहरं नाहीत. क्षेत्र बहुधा आयरिश एकरात आहे, म्हणजे साध्या एकराच्या १.६२ पट. पुढे ग्रिफिथचं मूल्यांकन, म्हणजे कर आकारण्यासाठी झालेली जमीन-घरांची मोजदाद, १८४७ ते १८६४, हे साध्या एकरात. दोन्हींतला आकडा जुळत नाही म्हणून शेत वेगळं समजणारे बरेच भेटतात. आधी गुणाकार करून बघा. ग्रिफिथमध्ये कुळाचं नाव, त्याला जमीन देणारा, घर-गोठ्यांचं वर्णन, एकर-रूड-पर्च (रूड आणि पर्च ही एकराहून लहान मापं) आणि वार्षिक मूल्य असतं. नावापुढे कंसात ‘मायकल’ असेल तर ते बापाचं नाव. कॉर्कचा भाग १८५० नंतर छापला गेला, म्हणून १८४७ ला निघालेलं घर त्यात नसेल. अशा वेळी मूल्यांकन कचेरीच्या १८४० च्या दशकातल्या कच्च्या वह्या आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर बघाव्यात.

घरातला जो भाऊ मागे राहिला त्याच्यासाठी ग्रिफिथनंतरच्या दुरुस्तीवह्या आहेत, आपल्या सातबाऱ्यावरच्या फेरफारासारख्या. जुनं नाव खोडून नवं लिहिलेलं, समासात वर्ष. नाव बदललं की मृत्यू, लग्न किंवा स्थलांतर, तिन्ही शक्यता तपासायच्या. १८६४ पासून नागरी नोंदणी आहे, तीत मृत्यूची तारीख मिळते. १९०१ आणि १९११ च्या गणनेत तेच घर पुन्हा दिसेल, पण दहा वर्षांत माणूस चौदा वर्षांनी म्हातारा झालेला असेल तर दचकू नका: १९०९ पासून सत्तरीला पेन्शन सुरू झाली होती. पुढे दुरुस्तीवहीत एल.ए.पी. (लँड अ‍ॅक्ट पर्चेस) असा शिक्का दिसला की कुळाने भूमी कायद्याखाली जमीन विकत घेतली.

सध्याच्या प्रजासत्ताकातल्या काउंट्यांच्या दुरुस्तीवह्या डब्लिनमधून मागवाव्या लागतात; उत्तर आयर्लंडच्या बेलफास्टच्या अभिलेखागाराने ऑनलाइन ठेवल्या आहेत. मागवताना टाउनलँड, सिव्हिल पॅरिश (टाउनलँड आणि काउंटी यांच्या मधला विभाग) आणि काउंटी तिन्ही लिहा, आणि प्रत रंगीतच मागा. प्रत्येक फेरीच्या दुरुस्त्या वेगळ्या रंगाच्या शाईने केलेल्या आहेत. काळ्यापांढऱ्या प्रतीत सगळी खाडाखोड सारखीच दिसते, आणि कोणतं नाव कोणत्या वर्षी आलं ते सांगता येत नाही.