कीबोर्ड लागतो, खातं लागत नाही

नमस्कार श्रोतेहो.

निकाल लागले की ओळखीपाळखीतून एकच प्रश्न येतो. पोरीला प्रोग्रॅमिंग शिकायचंय, लॅपटॉप कोणता घेऊ? दुकानात गेलं तर पन्नास हजारांच्या खाली कुणी बोलायला तयार नाही. म्हणून आज दोनच गोष्टी सांगतो. शिकायला महागाचं यंत्र लागत नाही. आणि शिकायला कुठं ऑनलाइन खातं उघडून आपली घरगुती माहिती कुणाच्या हवाली करावी लागत नाही. कीबोर्ड लागतो, खातं लागत नाही. हे मी मधेमधे परत म्हणणार आहे, कानाला सवय व्हावी म्हणून.

रास्पबेरी पाय हे नाव काहींनी ऐकलं असेल. केंब्रिज विद्यापीठात कॉम्प्युटर शिकायला येणाऱ्या मुलांचे अर्ज कमी होत चालले, आणि जी येत त्यांना यंत्र वापरता येई पण प्रोग्रॅम लिहिता येत नसे. हे बघून तिथल्या एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एटीएम कार्डाएवढा एक कॉम्प्युटर काढला, तोच रास्पबेरी पाय. २९ फेब्रुवारी २०१२ ला तो विक्रीला आला, किंमत ३५ डॉलर. घरचा टीव्ही हाच त्याचा पडदा. कीबोर्ड, माउस, मेमरी कार्ड आणि चार्जर मात्र वेगळे घ्यावे लागतात, हे दुकानदार आधी सांगत नाही. पुढच्या मॉडेलांच्या किमती वाढल्यात, तेव्हा सगळा हिशेब जोडूनच निघा. आणि लाईट गेली की त्यातलं कार्ड बिघडू शकतं, म्हणून काम झालं की नीट बंद करा. आपल्याकडे लाईट सांगून जात नाही. पाण्याचं तरी वेळापत्रक असतं. असो.

आता मला जे सांगायचंय ते.

आमच्या गल्लीत, सोलापूरच्या पूर्व भागात, एक ताता राहतात. तेलुगूभाषक घर, नात त्यांना ताता म्हणजे आजोबा म्हणते म्हणून सगळी गल्ली ताता म्हणते. आयुष्य गेलं चादरीच्या डिझाईनची कार्डं पाडण्यात. ज्यांनी जॅकार्ड माग बघितलाय त्यांना सांगायला नको. पुठ्ठ्याचं लांबट कार्ड, त्यावर भोकं. भोक असेल तिथला उभा धागा वर उचलला जातो, भोक नसेल तिथला खालीच राहतो. एक कार्ड म्हणजे आडव्या धाग्याची एक ओळ. अशी शेकडो कार्डं दोऱ्यानं एकामागोमाग ओवली की मागावर फूल उमटतं. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमाराला जॅकार्डनं ही युक्ती मार्गी लावली आणि इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात तीच कार्डं घेतली. (आणि आपण काय करतो? सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालंय, तरी लग्नात आहेर द्यायला बाहेरून पॉलिस्टरची ब्लँकेटं आणतो. बोलू नये, पण बोलतो.)

तर तातांची नात, नववीतली. मामानं तिला जुना डेस्कटॉप आणून दिला, कुठल्याशा हापिसातून निघालेला. कीबोर्डावरची काही अक्षरं पार पुसलेली. त्यावर लिनक्स घातलं, म्हणजे यंत्र चालवणारी फुकट मिळणारी प्रणाली, आणि पायथन घातलं, म्हणजे प्रोग्रॅम लिहायची भाषा. मी चहाला गेलो होतो तेव्हा ती रुईफूल काढत बसली होती, शून्य आणि एकाच्या ओळींनी. एक असेल तिथं चांदणी छापायची, शून्य असेल तिथं मोकळी जागा. शून्य, शून्य, एक, शून्य, शून्य. पुढची ओळ, शून्य, एक, एक, एक, शून्य. पण फूल काही जमेना, एका बाजूला फुगल्यासारखं दिसायचं. पोरगी वैतागली, कॉम्प्युटरच खराब आहे म्हणाली.

ताता खाटेवरनं उठले. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. पडद्याजवळ गेले, बोट लावून एकेक ओळ खाली उतरत गेले, ओठ हलत होते. मग म्हणाले, "अगं, वरनं तिसरी आणि खालनं तिसरी जुळत नाही. वरच्यात एक भोक जादा पडलंय." तिनं बघितलं. खरंच, एक जादा होता.

पायथनचं नाव त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं असेल. चूक मात्र त्यांनीच पकडली.

एवढ्यावर थांबले नाहीत. म्हणाले, "सगळ्या ओळी कशाला लिहितीस? फूल वरखाली सारखं आहे. आम्ही अर्धीच कार्डं पाडायचो. मधल्या ओळीपर्यंत सुलटी चालवायची, मग तीच उलटी." पोरगी क्षणभर बघतच राहिली. मग अर्ध्या ओळी पुसल्या आणि उरलेल्या उलट क्रमानं छापायला सांगणारी एक ओळ लिहिली. फूल बरोब्बर आलं. तिथं मला मात्र चहा दोनदा मिळाला.

खरी गंमत पुढं. तिच्या मैत्रिणीनं एक ॲप सांगितलं होतं, मोफत कोडिंग शिकवतं म्हणून. आईच्या फोनवर उतरवलं, तर ते मागायला लागलं. फोनबुक दाखवा, ठिकाण दाखवा, माइक चालू करा. पोरगी 'अलाऊ' दाबणार एवढ्यात तातांनी विचारलं काय मागतंय. तिनं वाचून दाखवलं. ताता म्हणाले, "फूल काढायला शिकवायचंय ना त्याला? मग माझ्या फोनातले नंबर कशाला पाहिजेत?"

आणि मग उठून खाटेखालची ट्रंक ओढली. कुलूप. आत जुन्या डिझाईनच्या कार्डांच्या माळा, कापडात बांधलेल्या. म्हणाले, "कारखान्यात कार्डं कधी उघडी ठेवली नाहीत. कार्ड बाहेर गेलं की दुसऱ्या मागावर तीच चादर निघते. मागणाऱ्याला आधी विचारायचं, कशाला पाहिजे?"

ॲप काढून टाकलं.

बाकी मला सांगायचंय ते थोडक्यात. पायथनसोबत सहसा प्रोग्रॅम लिहायचं साधनही येतं, ते एकदा उतरवलं की नेट बंद ठेवूनही चालतं. लहान मुलांसाठी स्क्रॅच आहे, त्यात रंगीत ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायचा, तेही नेटशिवाय चालणारं मिळतं. दोन्ही फुकट आणि दोन्हीला नाव, जन्मतारीख, फोन नंबर काही द्यायला नको. कीबोर्ड लागतो, खातं लागत नाही.

फोनमधे सेटिंग्जमधे परवानग्या असतात, तिथं जाऊन बघा कुणाला काय दिलंय. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायची तर पालकांची संमती हवी असं लिहिलंय. पण आपणच पोराची गुणपत्रिका नंबरासकट स्टेटसला टाकायची, मग कायदा काय करणार?

आणि स्वस्त यंत्र म्हणजे डोळे झाकून विश्वास, असंही नाही. २०२१ मधे रास्पबेरी पायच्या एका अपडेटनं, न विचारता, मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअर-भांडाराचा, म्हणजे जिथून सॉफ्टवेअर उतरवतात त्या जागेचा, पत्ता यंत्रात घातला. अपडेट तपासायचं म्हटलं की तिकडेही हाक जायची. लोकांनी बरीच आरडाओरड केली. ताता तिथं असते तर म्हणाले असते, कशाला पाहिजे?

जुना डेस्कटॉप घेणार असाल तर दुकानातच टीव्हीला किंवा मॉनिटरला जोडून चालू करून बघा. आधीच्या मालकाचे फोटो, कागद तसेच राहिलेले असतात. घरी आणल्यावर डिस्क पूर्ण पुसून सगळं नव्यानं घाला. स्वतःचा जुना विकतानाही तेच करा. बिल घ्या. नमस्कार.