मग आपली टीम कोणती?

(मंडळाच्या कोजागिरी मेळाव्यातील भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, कार्यकारिणीतील मित्रहो, आणि मसाला दुधाच्या पातेल्यावर नजर ठेवून माझे भाषण कधी आटोपते याची वाट पाहणारे सर्व रसिकजन, नमस्कार.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘बेसबॉल आणि अमेरिकन संस्कृती’ असा भारदस्त विषय छापला आहे. तो वाचून आमच्या घरात दोन माणसे हसली. एक माझी पत्नी, कारण न्यू जर्सीत चोवीस वर्षे काढूनही मी यंदाच्या सप्टेंबरपर्यंत बेसबॉलचा एकही सामना शेवटपर्यंत पाहिलेला नव्हता. दुसरा आमचा अकरा वर्षांचा मुलगा. त्याच्या हसण्यामागे जे होते, त्यामुळेच मी हा विषय मागून घेतला.

झाले असे. सप्टेंबरच्या सुरुवातीला एका रात्री मेट्स, म्हणजे न्यूयॉर्कचा एक बेसबॉल संघ, हरले. मुलगा बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात आला आणि पडेल चेहऱ्याने म्हणाला, “बाबा, आपली टीम हरली.” मी पोळीचा तुकडा मोडता मोडता, अगदी सवयीने, म्हणालो, “आपली नाही रे, तुमची.” तो क्षणभर थांबला आणि त्याने विचारले, “मग आपली टीम कोणती?”

‘भारत’ हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. पण ज्याचा जन्म इथला, शाळा इथली आणि पासपोर्टही इथला, तो पुढे काय विचारील हे मला त्याच्या आधी ऐकू आले, आणि मी आमटी वाढून घेतली. त्यानंतर पत्नी आणि माझ्यात जे झाले, त्याचा तपशील इथे देत नाही. तुमच्याही घरी ते होत असणारच.

मला बोचले ते हे, की तो इंग्रजीत बोलला असता तर हा प्रसंग घडलाच नसता. इंग्रजीत ‘आमचे’ आणि ‘आपले’ यांना एकच शब्द आहे. मराठीत ‘आमचे’ म्हटले की समोरचा माणूस उंबऱ्याबाहेर राहतो आणि ‘आपले’ म्हटले की तो घरात येतो. आपल्या रविवारच्या मराठी शाळेत या मुलांना आपण हेच घोकून घेतो. त्याने तो शब्द अचूक वापरून मला आत बोलावले होते, आणि दार मी लावून घेतले.

तेव्हापासून मी या खेळाबद्दल वाचतो आहे, आणि जसजसे वाचतो तसतसे वाटू लागले आहे, की ‘हा खेळ आपला’ असे कोणी म्हणायचे आणि कोणी म्हणायचे नाही, हे भांडण या खेळाच्या पाचवीलाच पुजलेले आहे.

पहिले भांडण जन्मगावाचे. हेन्री चॅडविक नावाचा जुना क्रीडापत्रकार सांगत असे की बेसबॉल हा इंग्लंडमधल्या राउंडर्स या पोराटोरांच्या खेळातून आला. हे अल्बर्ट स्पॉल्डिंगला मानवेना. स्पॉल्डिंग एकेकाळचा नामांकित पिचर, म्हणजे बेसबॉलचा गोलंदाज, आणि नंतर क्रीडासाहित्याचा बडा व्यापारी. आपला राष्ट्रीय खेळ साहेबाच्या घरून आला, हे त्याला कसे रुचावे? त्याच्या आग्रहावरून 1905 मध्ये एक समिती नेमली गेली आणि दोन वर्षांनी तिने निर्वाळा दिला की अ‍ॅबनर डबलडे याने 1839 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन या गावी बेसबॉलचा शोध लावला. पुरावा कोणता, तर एका वृद्ध गृहस्थाचे लहानपणच्या आठवणीचे पत्र. डबलडे पुढे यादवी युद्धात सेनापती झाला हे खरे. पण 1839 मध्ये तो वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत होता, आणि बेसबॉल आपण शोधला असा दावा त्याने जन्मात केला नाही. तरीही 1939 मध्ये, या कल्पित जन्माची शताब्दी गाठून, बेसबॉलचे हॉल ऑफ फेम, म्हणजे थोर खेळाडूंचे स्मारक-संग्रहालय, कूपर्सटाउनलाच उघडले, आणि लोक आजही तिथे यात्रेला जावे तसे जातात. आपल्याला हसण्याचा अधिकार नाही. आपल्याकडे प्रत्येक लेणे पांडवांनी एका रात्रीत खोदलेले असते.

कागदोपत्री जे सापडते ते पुष्कळ जवळचे आहे. न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबने 1845 मध्ये नियम लिहून काढले, आणि 19 जून 1846 रोजी होबोकेनच्या एलिजियन फील्ड्स या मैदानावर त्या नियमांनुसार सामना झाला. नियम लिहिणारा क्लब तो 23–1 असा हरला, ही गोष्ट मंडळाची घटना लिहिणाऱ्या आपल्या सर्वांना दिलासा देणारी आहे. रोज कामाला जाताना होबोकेनला गाडी बदलणारे पंचवीस-तीस जण तरी या सभागृहात असतील. मीही त्यांतलाच, आणि त्या गावाबद्दल माझे ज्ञान आजवर फलाटाच्या क्रमांकापलीकडे गेले नव्हते.

आता क्रिकेटभक्तांसाठी एक माहिती. पहिला आंतरराष्ट्रीय क्रिकेट सामना लॉर्ड्सवर झालेला नाही. तो 1844 मध्ये अमेरिका आणि कॅनडा यांच्यात, न्यूयॉर्कमध्ये झाला. पहिल्या कसोटीच्या तेहेतीस वर्षे आधी. म्हणजे क्रिकेट इथे होते, आणि बरे चालले होते. पण त्याला निगा राखलेली खेळपट्टी लागे आणि दोन-दोन, तीन-तीन दिवसांची सवड लागे. बेसबॉल मोकळ्या रानात दुपारच्या चार तासांत उरकत असे, आणि यादवी युद्धातल्या छावण्यांमध्येही खेळता येत असे. क्रिकेट क्लबांनी आपला इंग्रजी रुबाब सांभाळला, आणि पोरे दुसरीकडे गेली. हे वाक्य मी मंडळाच्या कार्यकारिणीकडे न पाहता म्हणतो आहे.

त्या चॅडविकची हकीगत मला सर्वांत आवडली. तो जन्माने इंग्रज, आईवडिलांबरोबर लहानपणीच इथे आला आणि वर्तमानपत्रांत क्रिकेटच्या बातम्या लिहू लागला. पुढे 1850 च्या दशकात तो बेसबॉलच्या प्रेमात पडला. क्रिकेटच्या धावफलकाची शिस्त त्याने या नव्या खेळाला लावली, आणि आज इथल्या वर्तमानपत्रात सामन्याचा जो आकड्यांचा चौकोन छापून येतो, त्याला आकार दिला. बॅटर तीन स्ट्राइकवर, म्हणजे तीनदा चेंडू हुकवून किंवा खेळण्याजोगा चेंडू सोडून, बाद झाला की गुणवहीत ‘के’ हे अक्षर लिहायचे, हीसुद्धा त्याचीच पद्धत. परक्या देशातून आलेल्या, क्रिकेटवर वाढलेल्या माणसाने या खेळाला त्याची लिपी दिली, हे मला चोवीस वर्षांत कोणी सांगितले नव्हते. मी विचारलेही नव्हते.

प्रायश्चित्त म्हणून मी मुलाला घेऊन मेट्सच्या सिटी फील्ड या मैदानावर सामन्याला गेलो. त्याने माझ्या हातात गुणवही आणि पेन्सिल ठेवली. प्रत्येक खेळाडूसाठी एक ओळ, प्रत्येक इनिंगसाठी एक घर, आणि घरात चार बेसचा, म्हणजे धाव पुरी करायला ओलांडायच्या चार ठाण्यांचा, छोटा चौकोन तिरका उभा केलेला. खेळाडू जितके बेस पुढे जाईल तितक्या बाजू गडद करायच्या. दुसऱ्या इनिंगमध्ये आमचा बॅटर तिसऱ्या स्ट्राइकवर बाद झाला. मी मोठ्या ऐटीत ‘के’ लिहिला. मुलाने पेन्सिल काढून घेतली, माझे अक्षर खोडले आणि ते उलटे, आरशात दिसावे तसे, काढले. “त्याने बॅट फिरवलीच नाही, बाबा. नुसता उभा राहून आउट झाला. मग के उलटा असतो.” त्या उलट्या अक्षराकडे मी बराच वेळ पाहत बसलो.

त्याच्या लिटल लीगच्या, म्हणजे मुलांच्या बेसबॉलच्या, सामन्यांतला माझा पराक्रम इथल्या अनेकांना ठाऊक आहे. बाहेरून जाणारा चेंडू पाहून मी कडेने मराठीत ओरडतो, “सोड, सोड!” आणि चेंडू टोलवून तो पळाला की “अरे, बॅट टाकू नकोस!” बेसबॉलमध्ये बॅट टाकूनच पळायचे असते. पण कांगा लीगच्या चिखलात वाढलेल्या माणसाच्या पोटात ती बॅट धुळीत पडताना अजूनही गोळा येतो.

मेट्सच्या निळ्या-नारिंगी रंगांचा उलगडाही मला त्या दिवशी झाला. ब्रुकलिनचे डॉजर्स आणि मॅनहॅटनचे जायंट्स हे दोन्ही संघ 1957 चा हंगाम संपल्यावर मालकांनी उचलून कॅलिफोर्नियाला नेले. डॉजर्सचे एबेट्स फील्ड पाडून तिथे राहत्या घरांच्या इमारती उठल्या. मग 1962 मध्ये मेट्स आले, तेव्हा त्यांनी डॉजर्सचा निळा घेतला आणि जायंट्सचा नारिंगी. पहिल्याच वर्षी ते 120 सामने हरले, आणि तरी लोकांनी त्यांना जीव लावला. आपल्या बाबतीत गाव जागेवर राहिले आणि आपण उठून आलो. तिथले रंग मात्र आपणही इथे आणून दरवर्षी मखराला लावतो.

आता थोडे कडू बोलतो. 15 एप्रिल 1947 रोजी याच एबेट्स फील्डवर जॅकी रॉबिन्सन डॉजर्सकडून उतरला आणि मोठ्या लीगमध्ये काळ्या खेळाडूंना साठेक वर्षे बंद असलेले दार उघडले. ती बंदी कोणत्या नियमात लिहिलेली नव्हती. गोऱ्या मालकांची ती मूक समजूत होती. त्या काळात काळ्या खेळाडूंनी स्वतःच्या लीग चालवल्या. त्यांतला जॉश गिब्सन हा धिप्पाड कॅचर, म्हणजे बेसबॉलचा यष्टीरक्षक, रॉबिन्सन उतरण्याआधी तीनच महिने, पस्तिसाव्या वर्षी वारला. त्याचे आकडे मोठ्या लीगच्या अधिकृत नोंदीत आले ते 2024 मध्ये, आणि आले तेव्हा .372 या फलंदाजीच्या सरासरीने तो थेट सर्वकालीन यादीच्या शिरोभागी जाऊन बसला. गुणवहीत त्याला ‘आपला’ म्हणायला सत्त्याहत्तर वर्षे लागली.

दर 15 एप्रिलला सगळे खेळाडू रॉबिन्सनचा 42 हा क्रमांक घालतात, आणि आपण कचेरीत त्याबद्दल माना डोलावतो. पण पालवणकर बाळू हे नाव या सभागृहातल्या किती मुलांना ठाऊक आहे? किती पालकांना? पुण्यात इंग्रजांच्या क्लबात खेळपट्टीची देखभाल करणारा आणि साहेबांना नेटमध्ये चेंडू टाकणारा हा चर्मकार समाजातला डावखुरा फिरकी गोलंदाज हिंदूंच्या संघातून खेळला, 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. पुण्याच्या हिंदू संघाला त्याची गोलंदाजी आपली वाटत होती. चहा मात्र त्याला पॅव्हिलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळे. कप्तानपद त्याला कधीच मिळाले नाही. ते 1923 मध्ये त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळाले. रॉबिन्सनच्या गोष्टीत आपण प्रेक्षक असतो. बाळूच्या गोष्टीत चहा देणारे कोण होते, हे मुलांना सांगायची वेळ आली की आपण विषय बदलतो. मीही बदलला आहे.

आणि एक बाप. जो डिमाजिओ या बेसबॉलपटूने 1941 मध्ये सलग 56 सामन्यांत हिट मारले, म्हणजे चेंडू टोलवून बेस गाठला, सारा देश रोज त्याचा आकडा विचारत होता. पुढच्या वर्षी, इटलीशी युद्ध सुरू असल्यामुळे आणि नागरिकत्व घेतलेले नसल्यामुळे, त्याच्या कोळी बापाला शत्रुराष्ट्राचा परका माणूस ठरवून सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत मासेमारी करण्यास मज्जाव झाला. मुलगा देशाचा लाडका आणि बाप परका, अशी ती स्वयंपाकघराची वाटणी तेव्हा सरकारने केली होती. आमच्याकडे ती मी स्वतःच केली.

यंदाच्या बैठकीत तक्रार झाली की बेसबॉलपायी मुले गणपतीला येत नाहीत. डॉजर्सचा ज्यू पिचर सँडी कोफॅक्स याने 1965 च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम मालिकेचा, पहिला सामना योम किप्पुर हा ज्यूंचा पवित्र दिवस आला म्हणून सोडला, आणि शेवटचा, सातवा, जिंकून दिला. ज्यू मंडळी ही गोष्ट अजून नातवंडांना सांगतात. माझ्याही तोंडावर हे उदाहरण आले होते, पण मी गिळले. कोफॅक्सचा सण पंचांगातल्या दिवशी होता. आपला बाप्पा शाळेचे सभागृह ज्या शनिवारी स्वस्त मिळेल त्या शनिवारी बसतो. तो शनिवार लिटल लीगचाही असतो. आपण तिथीला मुरड घातली, आणि मुलांनी मात्र सामन्याला मुरड घालू नये म्हणून रागावतो आहोत.

बेसबॉलमध्ये 2023 पासून पिचरवर घड्याळ लावले आहे. बेस रिकामे असतील तर पंधरा सेकंदांत चेंडू टाकावा लागतो, आणि त्या एका वर्षात सामना सरासरी चोवीस मिनिटांनी आखूड झाला. सव्वातास उशिरा सुरू झालेल्या आजच्या कार्यक्रमाच्या संयोजकांना मी ते सुचवणार होतो. पण त्यांनी मला मागून खुणा सुरू केल्या आहेत, म्हणजे घड्याळ आलेलेच दिसते.

तर शेवटचे. आज इथे येताना गाडीत मी मुलाला सांगितले की परवाच्या सामन्यात आपल्या टीमचा तिसरा पिचर लवकर काढायला हवा होता. ‘आपल्या’ हा शब्द मी मुद्दाम, जरा जोर देऊन म्हटला. त्याला तो ऐकू आला, कारण तो आरशात माझ्याकडे बघून किंचित हसला. मग गाडी शाळेच्या आवारात वळली, इथले दिवे आणि माणसे दिसू लागली, आणि त्याने शांतपणे विचारले, “बाबा, तुमच्या मंडळाचा प्रोग्रॅम किती वाजता संपतो?”

तो आत्ता तिकडे, मागच्या दाराजवळ उभा आहे. दूध घेतले आहे त्याने. प्यायला का, ते इथून दिसत नाही.