दोन हजारांचा हप्ता कुणाच्या खात्यात जातो?

(दृश्य: मोबाईलवर पीएम किसान पोर्टल. बोट 'बेनिफिशियरी लिस्ट'वर.)

राज्य, जिल्हा, तालुका, ब्लॉक आणि शेवटी गाव. एवढं निवडून 'गेट रिपोर्ट' दाबलं की गावातल्या लाभार्थ्यांची नावं समोर येतात. लॉगिन लागत नाही, ओटीपी लागत नाही. माहिती अधिकार कायद्याचं कलम 4(1)(ख)(बारा) सांगतं की अनुदानाची रक्कम आणि लाभार्थी कुणी न मागताच जाहीर करायचे.

पण यादी नीट बघा. नाव आहे, गट नंबर नाही. किती हप्ते मिळाले ते नाही. एकाच नावाचे तीन शेतकरी असलेल्या गावात यातला कोण कोणता, हे कसं ओळखायचं?

(दृश्य: ग्रामपंचायतीचा सूचना फलक.)

पीएम किसानचे वर्षाला 6,000 रुपये. महाराष्ट्रात त्याच यादीवरून 'नमो शेतकरी'चे आणखी 6,000. म्हणजे एक चुकीचं नाव वर्षाला 12,000 रुपयांना पडतं. केंद्रीय कृषी मंत्रालयाने माहिती अधिकारात दिलेली आणि 2021 मध्ये उजेडात आलेली आकडेवारी अशी: 20 लाख 48 हजार अपात्र लाभार्थी, 1,364 कोटी रुपये. त्यातले निम्म्याहून अधिक आयकर भरणारे. तमिळनाडूत 2020 मध्ये कृषी खात्याचे लॉगिन वापरून बोगस नावं घुसवली गेली.

आयकर भरणारे, आजी-माजी आमदार-खासदार, चतुर्थ श्रेणी वगळून सरकारी नोकर, महिना 10,000 वा जास्त पेन्शन घेणारे, व्यवसाय करणारे डॉक्टर-वकील अपात्र. नवरा-बायको आणि अज्ञान मुलं मिळून एकच लाभ. वारसाने आलेली सोडून 1 फेब्रुवारी 2019 नंतर नावावर झालेली जमीन धरत नाहीत. यातलं बरंचसं पोर्टलला कळत नाही, पण शेजाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणूनच यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचली पाहिजे. वाचताना मयतांची नावंही तिथेच निघतात.

उलटं दुखणंही आहे आणि ते जास्त लागतं: पात्र माणूस, पण पैसे नाहीत. 'नो युवर स्टेटस'मध्ये नोंदणी क्रमांक टाकून तीन गोष्टी बघा: ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं), लँड सीडिंग (जमिनीची नोंद जोडणं), आधार-बँक सीडिंग (आधार बँक खात्याला जोडणं). लँड सीडिंगपुढे 'नो' असेल तर सातबारा, आठ-अ आणि आधार घेऊन तालुक्याला जावं लागतं. तिन्हीपुढे 'येस' असेल, तर आधार शेवटी कोणत्या बँकेला जोडलं ते तपासा. हप्ता त्याच खात्यात पडतो, आणि शेतकरी भलत्याच बँकेचं पासबुक भरून घेत बसतो.

(दृश्य: अर्जावर 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट चिकटवणारा हात.)

यादीत नसलेलं मागायचं असेल तर माहिती अधिकाराच्या 'जोडपत्र अ' या अर्ज नमुन्यात तालुका कृषी अधिकारी कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करा. विषय एकच, मजकूर दीडशे शब्दांत. मागा: गावनिहाय लाभार्थी, प्रत्येकाला मिळालेले हप्ते, अपात्र ठरवल्याची कारणं, वसूल झालेली रक्कम. आधार आणि खाते क्रमांक मागू नका. ते उघड होऊच नयेत.

उत्तर 30 दिवसांत यायला हवं. 2023च्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्याचं वैयक्तिक माहितीबद्दलचं कलम 8(1)(ञ) बदललं आहे, त्यामुळे 'वैयक्तिक माहिती' म्हणून नकार येऊ शकतो. तसं झालं तर 30 दिवसांच्या आत, 20 रुपयांचं तिकीट लावून पहिलं अपील करा. त्यात दोन कलमं नावानिशी लिहा: वर सांगितलेलं 4(1)(ख)(बारा), आणि जनहितासाठी माहिती खुली करणारं 8(2).