सायलेन्सर सडला, पण सगळा नाही

श्रोतेहो, नमस्कार.

डिसेंबर-जानेवारीतल्या धुळ्याच्या थंडीत सकाळी गाडी सुरू केली की मागच्या नळीतून पांढरी वाफ निघते आणि फरशीवर थेंब थेंब पाणी टपकतं. पुष्कळांना वाटतं, इंजिनात बिघाड झाला. बिघाड काही नसतो. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं, ते वाफेच्या रूपात बाहेर पडतं. गाडी लांब पळाली की सायलेन्सर चांगला तापतो आणि ओल उडून जाते. पण घर ते दुकान, दुकान ते शाळा असं दोन-तीन किलोमीटर फिरून गाडी बंद केली, तर सायलेन्सरच्या मागच्या डब्यापर्यंत ऊबच पोचत नाही. पाणी तिथेच साचतं, धुरातलं आम्ल त्यात उतरतं आणि पत्रा आतून खाल्ला जातो. आपल्याकडे कोकणासारखी खारी हवा नाही, तरी सायलेन्सर सडतात ते यामुळे. त्यात शेतरस्त्यावरची काळी माती बुडाला लिंपून बसली आणि पावसाळाभर तशीच राहिली, तर बाहेरूनही गंज चढतो.

आमची छोटी पेट्रोल गाडी चौदा वर्षांची आहे. मागच्या वर्षी ती अचानक ट्रॅक्टरसारखी वाजायला लागली. एका ठिकाणी दाखवली, तर इंजिनापासून शेपटापर्यंत पूर्ण लाइन बदलावी लागेल असं सांगून मोठा आकडा काढून दिला. मन मानेना. मग आमच्या भागातल्या एका जुन्या वेल्डिंगवाल्याकडे नेली. त्याने गाडी खड्ड्यावर घेतली, हातोडीच्या लाकडी मुठीने एकेक भाग ठोकत गेला. पुढची नळी टणटण वाजली, मधली वाजली. मागच्या डब्यावर मूठ पडली तेव्हा भद्द आवाज आला. पेचकसाचं टोक लावलं तर ते सरळ आत गेलं आणि लालसर भुगा त्याच्या हातावर पडला. "दादा, याना पत्रा पार सडी गया," तो म्हणाला, "पण नळी चांगली शे."

मला आज तुम्हाला एवढंच कळकळीने सांगायचं आहे: पैसे मोजण्याआधी असं ठोकून बघायला लावा. सडलेला असतो बहुधा मागचा डबा. तेवढाच कापून, चांगल्या नळीला नवा डबा जोडता येतो. आमचं काम डबा, क्लॅम्प म्हणजे जोड आवळायची पट्टी, आणि मजुरी धरून दोन हजारांच्या आत झालं.

आता डबा कोणता घ्यावा? कंपनीचा अस्सल डबा महाग, पण मापात चपखल बसतो. बाजारातला लोकल डबा पुष्कळ स्वस्त असतो, पण साध्या पत्र्याचा असेल तर लवकर जातो. थोडे पैसे जास्त द्यायची तयारी असेल तर ॲल्युमिनियमचा मुलामा असलेल्या पत्र्याचा मागा. वेल्डिंगच्या जागी हा मुलामा जळून जातो आणि पहिला गंज तिथेच धरतो, म्हणून जोडावर उष्णता सोसणारा रंग मारून घ्या. स्टेनलेसचा डबा सगळ्यात टिकाऊ. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. चुंबक चिकटलं म्हणजे स्टेनलेस नाही, असं दुकानात छातीठोकपणे सांगतात. सायलेन्सरला जे 409 जातीचं स्टेनलेस वापरतात, त्याला चुंबक चिकटतंच.

भंगारातून डबा घ्यायचा तर अपघातात गेलेल्या, कमी वर्षं चाललेल्या गाडीचा बघा आणि हातात घेऊन हलवा. आत खुळखुळ वाजलं तर तो ठेवून द्या, आतल्या जाळ्या सुटलेल्या असतात.

भोक नाण्याएवढं असेल आणि भोवतीचा पत्रा जाड असेल, तर पट्टी मारून वर्ष-दोन वर्षं निघतात. पत्रा पापडासारखा झाला असेल तर वेल्डिंग धरतच नाही, उलट भोक वाढतं. भोकावर लावायची लुगदी आणि टेप या वस्तू चाळीसगावहून घरी पोचण्यापुरत्या.

आणि एक चूक माझ्या हातून झाली, ती तुमच्याकडून होऊ नये. बऱ्याच डब्यांच्या तळाला कारखान्यातूनच एक बारीक छिद्र ठेवलेलं असतं, साचलेलं पाणी निघून जावं म्हणून. ते गळतंय असं समजून मी काही वर्षांपूर्वी वेल्डिंग करून बुजवून घेतलं होतं. कापलेला जुना डबा उभा केला तेव्हा त्यातून गंजाच्या पापुद्र्यांसकट पाणी ओघळलं. ते छिद्र बुजवू नका, चिखलाने भरलं तर तारेने मोकळं करा.

गाडीला धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, तो सायलेन्सरपासून वेगळा. "हा काढून टाकू, गाडी मोकळी पळेल," असं कोणी म्हणालं तर साफ नाही म्हणा. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं. काढणाऱ्याला त्याचे चांगले पैसे येतात, तुमच्या पदरी पीयूसी नापास आणि दंड पडतो. आवाज किंवा धुराची मर्यादा ओलांडली तर कायद्यात 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे.

दुरुस्ती पुढे ढकलत असाल तर हे ऐका. फुटलेल्या सायलेन्सरचा धूर गाडीच्या बुडाखालीच घुटमळतो आणि फटीतून आत येतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. काचा लावून, एसी सुरू ठेवून गाडी उभी आहे, मागच्या सीटवर लेकरं झोपली आहेत, असा प्रसंग आपल्याकडे उन्हाळ्यात रोजचा. डोकं जड झालं, मळमळलं, तर लगेच इंजिन बंद करा, सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा आणि दवाखाना गाठा. सायलेन्सर दुरुस्त होईपर्यंत उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून बसू नका.

वेल्डिंगच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला सांगा, नाहीतर गाडीतला कॉम्प्युटर जळू शकतो. सीएनजी किट असेल तर ते कारागिराला पहिल्यांदा सांगा आणि सिलेंडरचा व्हॉल्व्ह बंद करा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये, खाली पक्के स्टँड हवेत. डबा ज्या रबराच्या कड्यांवर लटकतो, त्या चिरल्या असतील तर त्याच वेळी बदला. कडी स्वस्त असते, पण ती तुटली की सगळा भार जोडावर येतो.

नवा डबा बसल्यावर आठवड्यातून एकदा तरी गाडी अर्धा तास सलग चालवा, जळगावकरांना भुसावळपर्यंतची एक फेरी पुरते. आणि पहिल्या फेरीनंतर, डबा गार झाल्यावर, क्लॅम्पचे नट पुन्हा एकदा आवळून घ्या.

नमस्कार.