डिस्चार्ज बुकात बायकोचं नाव बरोबर आहे का? माजी सैनिकांसाठी महाराष्ट्रात काय काय मिळतं

राम राम मंडळी, जय हिंद.

(डिस्चार्ज बुक कॅमेऱ्यापुढे धरतो)

हे डिस्चार्ज बुक ओळखलंत ना? आपल्या नोकरीची आणि घरच्यांची नोंद असते ते पुस्तक. पेन्शनवर येताना हे आपल्या हातात दिलं. आपण घरी आलो, काळ्या ट्रंकेत ठेवलं, वर कांबळं टाकलं आणि शेतीच्या कामाला लागलो. आज या पुस्तकावर बोलायचंय. कारण घरपट्टी माफी असो, पोरांची शिष्यवृत्ती असो, सरकारी नोकरीतलं आरक्षण असो, महाराष्ट्रात माजी सैनिकाला जे जे मिळतं त्याची सुरुवात याच पुस्तकापासून होते. आणि आपल्यामागे घरच्यांचं अडतं तेही बहुतेक वेळा यातल्याच एखाद्या अक्षरावर.

आमच्या घरात ते झालं. वडील शिपाई म्हणून पेन्शनवर आले होते. ते गेले तेव्हा मी स्वतः नोकरीत, युनिटसोबत लांब. वडिलांनी लग्नाची नोंद केली होती ती आईच्या माहेरच्या नावानं. आधार कार्डावर, बँकेत, रेशन कार्डावर तिचं सासरचं नाव. लग्नात नाव बदलायची आपल्याकडची रीत तुम्हाला माहीतच आहे. पण कागदाला रीत कळत नाही. कागदावर त्या दोन वेगळ्या बायका. आईला फॅमिली पेन्शन सुरू व्हायला 14 महिने लागले. धाकटा भाऊ एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात खेटे घालत होता, आणि आई डेअरीला दूध घालून घर चालवत होती. ज्या माणसानं उभी हयात फौजेत काढली, त्याच्या बायकोला आपण त्याची बायको आहोत हे सिद्ध करत फिरावं लागलं. ते मी विसरलेलो नाही, म्हणून हा व्हिडिओ.

तेव्हा पहिलं काम. बायकोचं नाव, तिची जन्मतारीख, प्रत्येक मुलाचं नाव आणि जन्मतारीख, हे सगळं डिस्चार्ज बुकात आणि पीपीओत, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशात, काय लिहिलंय ते वाचा, आणि आधार कार्ड शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर जुळवा. नोकरीत असताना लग्नाची, मुलाच्या जन्माची नोंद पार्ट टू ऑर्डरनं, म्हणजे युनिटच्या लेखी आदेशानं, होते. जे अजून नोकरीत आहेत त्यांनी पुढच्या सुट्टीची वाट बघू नका, क्लार्ककडून ऑर्डर निघाली का ते आजच विचारा. जे पेन्शनवर आलेत त्यांची दुरुस्ती आपापल्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसमधून होते. मराठा रेजिमेंटचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोपखान्याचं नाशिकरोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. पण तिथं एकट्यानं पत्रं पाठवत बसू नका. अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि पुरावे जोडून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवा. म्हणजे कागद कमी पडला तर तिथंच कळतं, सहा महिन्यांनी पाकीट परत येत नाही.

हे जिल्हा कार्यालय म्हणजे आपली जुनी मंडळी ज्याला सैनिक बोर्ड म्हणतात ते. याचं राज्याचं मुख्य ऑफिस, म्हणजे सैनिक कल्याण विभाग, पुण्याला घोरपडीत राष्ट्रीय युद्ध स्मारकासमोर आहे. तुम्ही पेन्शनवर आलात म्हणून जिल्ह्यात तुमची नोंद आपोआप झाली असं समजू नका. डिस्चार्ज बुक, पीपीओ, आधार, फोटो घेऊन स्वतः जायचं, नोंदणी करायची आणि माजी सैनिक ओळखपत्र घ्यायचं. पती गेले असतील तर वहिनींनी स्वतःच्या नावाचं ओळखपत्र काढायचं. राज्याचं महासैनिक नावाचं संकेतस्थळ आहे, पण पहिल्यांदा तरी कार्यालयात जाच. तिथल्या कल्याण संघटकांशी ओळख करून घ्या. हेही बहुतेक फौजेतूनच आलेले असतात, आपली भाषा त्यांना कळते.

आता घरपट्टी. 2020 मध्ये राज्यानं बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजना आणली. त्याआधी ही माफी ठरावीक लोकांपुरती होती, शौर्यपदक मिळालेले, शहिदांच्या पत्नी वगैरे. या योजनेनंतर ती सगळ्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना मिळाली, गावात असो वा शहरात. अट अशी की राज्यात एकाच मालमत्तेवर मिळते, आणि त्या घरात तुम्ही स्वतः राहत असला पाहिजे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला घ्यायचा आणि ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत अर्ज द्यायचा. अर्जाची पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. ग्रामसेवक म्हणाले की असं काही नसतं, तर आवाज चढवायचं कारण नाही. जिल्हा कार्यालयातून शासन निर्णयाची प्रत मागून घ्या आणि त्यांच्या टेबलावर ठेवा. पाणीपट्टी मात्र भरावी लागते, ती यात येत नाही.

नोकरीचं बघू. राज्य सरकारच्या गट क आणि गट ड भरतीत माजी सैनिकांना 15 टक्के समांतर आरक्षण आहे. वयात सूट मिळते ती जितकी वर्षं सेवा केली तितकी, अधिक 3 वर्षं. आणि ही गोष्ट मला फार जणांना सांगावी लागते: जिथं पदवी मागितलीय तिथंही तुम्ही अर्ज करू शकता. दहावी पास किंवा आर्मीचं स्पेशल सर्टिफिकेट आणि 15 वर्षं सेवा, एवढ्यावर तांत्रिक अनुभव न लागणाऱ्या पदांसाठी तुम्हाला पात्र धरतात. जाहिरात शेवटच्या पानापर्यंत वाचा, माजी सैनिकांचा परिच्छेद तिथं असतो. आपली पोरं वर 'पदवीधर' वाचतात आणि मोबाईल खाली ठेवतात. असं करू नका. पुण्याचं मेस्को, म्हणजे महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळ, तेही लक्षात ठेवा. सुरक्षारक्षकाच्या नोकरीसाठी तिथं नाव नोंदवता येतं. कुठल्या तरी एजन्सीत कमी पगारावर बारा बारा तास उभं राहण्याआधी तिथं विचारून बघा.

आता ज्यांना पेन्शनच नाही त्यांच्याकडे येऊ. शिपायाला पेन्शन लागायला 15 वर्षं भरावी लागतात. घरच्या अडचणीनं, आजारपणानं त्याआधी परत आलेले आपल्यात कितीतरी. हे लोक कार्यालयात यायला संकोचतात. दादा, तुम्हीही माजी सैनिक आहात, या. केंद्रीय सैनिक बोर्डाकडून, हवालदारापर्यंतच्या, पेन्शन नसलेल्या आणि वयाची 65 ओलांडलेल्या माजी सैनिकाला किंवा त्याच्या विधवेला दरमहा मदत मिळते. ती 4,000 रुपये होती, 1 नोव्हेंबर 2025 पासूनच्या अर्जांना 8,000 झाली. मुलांच्या शिक्षणाची मदत महिना 1,000 ची 2,000 झाली, दोन मुलांपर्यंत. मुलीच्या लग्नाला 50,000 होते ते 1 लाख झाले, दोन मुलींपर्यंत. शिक्षणाची आणि लग्नाची मदत पेन्शनवाल्यांनाही मिळते, पण हवालदारापर्यंतच. पैसे केंद्राचे, कागद मात्र तुमच्या जिल्ह्याच्या कार्यालयातच तपासले जातात. लग्नाच्या अर्जाला लग्नापासून 180 दिवसांची मुदत आहे. वऱ्हाडी गेले, मांडव उतरला, की पाहुण्यांची उसनवारी फेडण्याआधी विवाह नोंदणीचा दाखला काढा. मुदत गेली म्हणून रिकाम्या हातानं परतणारा बाप मी पाहिलाय.

पोरांसाठी आणखी दोन गोष्टी. जिल्ह्याच्या ठिकाणी शिकायला ठेवायचं असेल तर खोली शोधण्याआधी सैनिकी मुलांच्या किंवा मुलींच्या वसतिगृहाची चौकशी करा. दर हुद्द्याप्रमाणे असतात आणि बाहेरच्यापेक्षा कमी. आणि पोराला किंवा पोरीला अधिकारी व्हायचं असेल, तर नाशिकरोडचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे, एसएसबीची, म्हणजे अधिकारी निवडीच्या मुलाखतीची, तयारी तिथं मोफत होते. तिथं फक्त आपलीच नाही, गावातली कुणाचीही हुशार पोरं पाठवा.

शहीद जवानाच्या पत्नीला एसटीचा प्रवास 2018 पासून मोफत आहे. पास काढलेला नसेल तर वहिनी, आगारात जाऊन काढून घ्या.

आमच्या साताऱ्यात अपशिंगे मिलिटरी गाव आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावातले 46 जवान गेले. अशा गावात पारावर बसलं तरी कुठला अर्ज कधी करायचा ते कळतं, सांगणारी चार माणसं तिथं बसलेलीच असतात. मला काळजी आहे ती ज्या वाडीत एकच माजी सैनिक होता आणि तोही आता नाही त्या वाडीची. तिथं त्याची बायको एकटी असते आणि ट्रंकेत हे पुस्तक असतं. तुमच्या ओळखीत अशी एखादी माउली असेल, तर तिला हा व्हिडिओ पाठवून थांबू नका, तिच्याकडे स्मार्टफोन नसेलही. तुम्ही जा, ट्रंक उघडायला सांगा, पुस्तक आणि आधार शेजारी ठेवून नाव वाचा. आणि एक दिवस काढून तिला जिल्ह्याच्या कार्यालयात घेऊन जा.

नावात फरक निघाला तर खाली तुमचा जिल्हा आणि रेजिमेंट लिहा. आर्मी नंबर, पीपीओ काही लिहू नका, फसवणारे टपलेले असतात. पुढच्या व्हिडिओत प्रतिज्ञापत्राचा मजकूर ओळ न् ओळ सांगतो.

जय हिंद.