नदी सरकवलेलं शहर : पोर्ट ऑफ स्पेन

मंडळी, ‘पोर्ट ऑफ स्पेन’ हे नाव या सभागृहातल्या साठीपुढच्या माणसांना शिकवायला नको. ६ मार्च १९७१. गावसकरांची पहिली कसोटी, ६५ आणि नाबाद ६७. सरदेसाईंचं शतक, सोलकरांचं अर्धशतक, वाडेकरांची कप्तानी आणि वेस्ट इंडीजवर भारताचा पहिलावहिला विजय. पाच वर्षांनी त्याच मैदानावर चौथ्या डावात ४ बाद ४०६ करून आपण पुन्हा जिंकलो. लॉर्ड रिलेटर या तिथल्या कॅलिप्सो गायकानं तर गावसकरांवर गाणंच रचलं. हरलेल्या संघाच्या गावात जिंकणाऱ्यावर गाणं व्हावं, हे मला फार आवडतं. पण गंमत बघा, एवढी ओळख असून आपल्याला त्या गावातलं फक्त मैदान माहीत आहे. आज मैदानाच्या भिंतीबाहेर पडू.

त्रिनिदादच्या या राजधानीत पाहुण्याला काय दाखवतात? मोठं हिरवं मैदान, त्याच्या कडेचे वाडे, कार्निव्हलचा मंच. मी सुरुवात करणार आहे एका नाल्यापासून. शहराच्या पूर्वेला, लॅव्हेंटिल नावाच्या टेकड्यांच्या पायथ्याशी, दोन्ही काठ बांधून काढलेला एक चर आहे. बहुतेक दिवस त्याच्या तळाशी पाण्याची बारीकशी रेघ वाहते. लोक त्याला ‘ड्राय रिव्हर’ म्हणतात, कोरडी नदी. हा चर तिथे निसर्गानं काढलेला नाही. १७८७ पर्यंत ही सांता आना नदी आजच्या शहराच्या मधून, वुडफर्ड चौक आणि चाकॉन स्ट्रीटच्या वाटेनं समुद्राला मिळायची. पावसाळ्यात पूर, उरलेल्या दिवसांत चिखल आणि डास. स्पॅनिश गव्हर्नर होसे मारिया चाकॉन यानं तिला उचललं आणि टेकड्यांच्या पायथ्याशी नेऊन ठेवलं. मोकळ्या झालेल्या जागेत सरळ रस्त्यांचं शहर आखता आलं. अभियंता म्हणून त्याचं काहीच चुकलं नाही. पण शहराच्या कडेला एक रेघ ओढली गेली, आणि पुढची सव्वादोनशे वर्षं माणूस कुठल्या रेघेच्या कुठल्या बाजूचा, यावरच त्या शहरात बरंचसं ठरत आलं.

जरा मागे जाऊ. स्पॅनिशांची जुनी राजधानी आत होती, सान होसे दे ओरुन्या. आजचं सेंट जोसेफ. बंदराशी एक कोळीवाड्यासारखी वस्ती, आणि तिच्याही आधी मूळ रहिवाशांची कुमुकुरापो. आजच्या मुकुरापो भागाच्या नावात ती अजून शिल्लक आहे. १७५७ मध्ये गव्हर्नर बंदरावर राहायला आला, कारण जुन्या राजधानीत त्याला राहण्याजोगं घरही नव्हतं. राजधानी अशीही हलते! पण शहर खऱ्या अर्थानं घडलं ते १७८३ च्या राजाज्ञेनंतर. स्पेनकडे बेट होतं, माणसं नव्हती. मग राजानं जाहीर केलं : कॅथलिक असाल तर या, जमीन घ्या. गोऱ्याला माणशी ३२ एकर, स्वतंत्र काळ्या किंवा मिश्रवर्णी माणसाला त्याच्या निम्मी, आणि बरोबर आणलेल्या प्रत्येक गुलामामागे आणखी जमीन. हा शेवटचा कलम नीट ऐका. जितकी माणसं बांधून आणाल तितके एकर वाढतील. आजूबाजूच्या बेटांवरचे फ्रेंच मळेवाले गुलामांसह येऊन थडकले. १७८३ मध्ये बेटाची लोकसंख्या पावणेतीन हजारांच्या घरात होती, १७९७ मध्ये ती १७ हजारांवर गेली आणि त्यातली निम्म्याहून अधिक माणसं गुलाम होती. झेंडा स्पेनचा, बाजारातली बोली फ्रेंच पात्वा. आणि त्याच १७९७ च्या फेब्रुवारीत इंग्रजांचं आरमार आलं. स्पॅनिशांनी स्वतःची जहाजं स्वतःच जाळली, चाकॉननं शहर स्वाधीन केलं. लढाई म्हणावी असं काही झालंच नाही.

इंग्रजी काळातल्या दोनच गोष्टी सांगतो. १८०८ मध्ये एका औषधवाल्याच्या घरातून आग लागली आणि लाकडी शहराचा मोठा भाग जळून गेला. त्यानंतर १८१३ मध्ये राल्फ वुडफर्ड हा अवघा २९ वर्षांचा गव्हर्नर आला. आजचं मधलं शहर बरंचसं त्याचं आहे : चौक, झाडं, दोन कथीड्रल. त्यानं १८१७ मध्ये पेशिए घराण्याकडून उसाचा मळा विकत घेतला आणि शहरासाठी मोकळा सोडला. तीच क्वीन्स पार्क सव्हाना. भोवतीचा रस्ता साडेतीन किलोमीटरचा असल्यामुळे लोक तिला जगातला सगळ्यात मोठा गोल चौक म्हणतात. पेशिए घराण्यानं मळा विकला, दफनभूमी विकली नाही. आजही त्या अफाट मैदानाच्या मधोमध भिंतीआड तेवढा तुकडा खासगी आहे. जमीन विकताना आपले लोक एखादा पार नाहीतर म्हसोबा राखून ठेवतात, त्याची मला तिथं आठवण झाली.

आता नदीकडे परत. १८३४ मध्ये गुलामगिरी कायद्यानं संपली आणि १८३८ मध्ये प्रत्यक्षात. मळ्यांवरची माणसं शहराकडे निघाली. आखलेल्या रस्त्यांवर त्यांना जागा नव्हती. मग रस्त्याकडेच्या घरांमागच्या आवारात लांबलचक शेड उभ्या राहिल्या, एकाला एक लागून खोल्या, मधे अंगण, अंगणात एक नळ आणि सामायिक संडास. त्यांना बॅरक यार्ड म्हणत. मुंबईकरांना चाळ आठवेल. फरक एवढाच की चाळीला मजले असतात, गॅलरी असते, रस्त्यावरून ती दिसते. यार्ड रस्त्यावरून दिसतच नसे. बाकीचे लोक कोरडी नदी ओलांडून लॅव्हेंटिलच्या उतारावर चढले. त्या भागाला आजही ‘बिहाइंड द ब्रिज’ म्हणतात, पुलापलीकडचं. पत्ता सांगितला की नोकरीच्या मुलाखतीचा सूर बदलतो, असं तिथल्या लोकांच्या तोंडून मी ऐकलं.

या लोकांना भद्र शहरानं एक शब्द दिला, ‘जामेट’. तो फ्रेंच ‘दियामेत्र’वरून आला असं मानतात, म्हणजे व्यास. व्यासाच्या रेषेखालची माणसं. बघा, पुन्हा रेघच. आणखी एक योगायोग सांगतो. याच लॅव्हेंटिलच्या टेकडीवर १७९० च्या दशकात चुरुका नावाच्या स्पॅनिश आरमारी अधिकाऱ्यानं वेधशाळा मांडून रेखांश मोजला होता. हाच चुरुका पुढे ट्राफल्गारच्या लढाईत मारला गेला. जगाच्या नकाशावरच्या रेघा जिथून मोजल्या, ती टेकडी शहराच्या नकाशात रेघेबाहेर पडली.

या जामेट लोकांचा सण कांबुले. उसाच्या फडाला आग लागली की गुलामांना मशाली घेऊन विझवायला पळवत, फ्रेंचमध्ये ‘कान ब्रुले’, जळालेला ऊस. सुटका झाल्यावर त्यांनी त्याचीच मिरवणूक केली : मशाली, ढोल आणि काठ्यांची झुंज. १८८१ मध्ये पोलीस कप्तान बेकरनं ती मोडायचा प्रयत्न केला आणि रस्त्यावर दोन्हीकडून काठ्या चालल्या. १८८४ मध्ये कायदाच आला, मशाली आणि ढोलांवर बंदी. आता ज्याच्या हातून ढोल काढून घ्याल तो गप्प बसेल का? त्यांनी वेगवेगळ्या जाडीचे बांबू कापले आणि जमिनीवर आपटून ताल धरला, तांबू-बांबू. १९३० च्या दशकात बांबूबरोबर बिस्किटांचे डबे, रंगाचे डबे, गाडीची ब्रेक ड्रम आली. कुणाच्या तरी लक्षात आलं की ठोकून खड्डा पडलेला डबा वेगळा सूर देतो. दुसऱ्या महायुद्धात बेटावर अमेरिकेचा तळ होता, बेटावर तेलही निघत होतं, तेव्हा तेलाच्या पिंपांना तोटा नव्हता. पिंपाचा तळ ठोकून खोलगट करायचा, त्यावर सुरांच्या जागा पाडायच्या, भट्टीत तापवायचं आणि मग एकेक सूर लावायचा. हाच स्टीलपॅन. आपल्याकडे तबल्याची शाई घोटणाऱ्याला जसा कान लागतो, तसाच पॅन ट्यून करणाऱ्याला लागतो, फक्त त्याच्या हातात हातोडा असतो. १९५१ मध्ये या वाद्यांचा ताफा लंडनला गेला, आणि परक्यांनी टाळ्या वाजवल्यावर घरच्या भद्र लोकांनाही ते वाद्य ऐकू येऊ लागलं. हे काही एकट्या त्रिनिदादचं दुखणं नव्हे, असो. २०२४ मध्ये तिथल्या पंतप्रधानांनी जाहीर केलं की राष्ट्रचिन्हावरची कोलंबसाची तीन गलबतं काढून तिथे स्टीलपॅन येणार.

पाण्याचीही एक गोष्ट आहे आणि ती वुडफर्ड चौकात घडते. म्हणजे जिथून पूर्वी नदी वाहायची तिथेच. चौकाच्या एका बाजूला लाल रंगाची सरकारी इमारत, रेड हाउस. १८९७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाल्याच्या निमित्तानं ती लाल रंगवली, नाव तिथून पडलं. १९०३ मध्ये सरकारनं पाण्यावर नवे नियम आणि दर आणायचं ठरवलं. त्या चर्चेला बसायचं तर लोकांना तिकीट काढा म्हणाले! २३ मार्चला चौकात गर्दी जमली, दगड गेले, इमारत पेटली, पोलिसांनी गोळ्या झाडल्या. १६ माणसं गेली. इमारत पुन्हा बांधली. शंभरेक वर्षांनी तिची दुरुस्ती काढली, तर पायाखाली मूळ रहिवाशांच्या अस्थी आणि खापरं सापडली. गंमत म्हणजे या चौकाचं जुनं फ्रेंच नाव ‘आत्म्यांचा चौक’ होतं. नदीकाठी मूळ टोळ्यांची मोठी लढाई झाली अशी दंतकथा सांगत, आणि शहाणी माणसं तिला हसत. १९५५ पासून एरिक विल्यम्स याच चौकात इतिहास आणि राजकारणावर जाहीर व्याख्यानं देत. हजारो लोक उभ्यानं ऐकत, चौकाला ‘वुडफर्ड स्क्वेअर विद्यापीठ’ म्हणू लागले. १९६२ मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा तेच पंतप्रधान होते. व्याख्यात्याला यापुढे काय हवं?

पश्चिमेकडचं शहर भराभर पाहू. सव्हानाच्या कडेला सात वाडे ओळीनं उभे आहेत. स्कॉटिश गढी, फ्रेंच महाल, घड्याळाचा मनोरा असलेली शाळा. बहुतेक १९०४ च्या आसपासचे, कोकोच्या पैशावर उभे. पाण्यासाठी माणसं मेली त्याच्या पुढच्याच वर्षाचे. छायाचित्रं तुम्हाला कुठेही मिळतील. मला वुडब्रुक जास्त आवडतं. अँगोस्टुरा बिटर्स हा मद्यात थेंबभर घालायचा कडू अर्क बनवणाऱ्या झीगर्ट घराण्यानं हा मळा घेतला आणि रस्त्यांना घरातल्या मुलामाणसांची नावं दिली : कार्लोस, लुईस, अल्फ्रेडो, रोझालिनो, आना. अख्खी वस्ती म्हणजे एका घराचं कुटुंबपत्रक. आपलं ते कसोटीचं मैदान, क्वीन्स पार्क ओव्हल, याच बाजूला. समोरच्या रस्त्यावर स्टीलपॅनच्या ‘इन्व्हेडर्स’ वाद्यवृंदाचं आवार. म्हणजे पुलापलीकडचं वाद्य तोवर इथवर पोचलं होतं.

आणि मग सेंट जेम्स. ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ जहाज सव्वादोनशे हिंदी मजूर घेऊन बंदरात आलं. १९१७ पर्यंत सुमारे १,४४,००० माणसं आली. मजुरीच्या कराराची मुदत संपलेले काही जण शहराच्या पश्चिमेला, जुन्या पेरू मळ्याच्या जागेत राहिले. आज तिथल्या पाट्या वाचत चाललात तर हसू येतं : बॉम्बे, कलकत्ता, मद्रास, दिल्ली, लखनौ, बनारस, गंगा. नोबेल मिळवलेल्या नायपॉल यांच्या वडिलांनी घेतलेलं घर इथेच, नेपॉल स्ट्रीटवर. मोहरमला इथे ‘होसे’ निघतो. बांबू-कागदाचे ताजिये, एक लाल चंद्र, एक हिरवा चंद्र, माणसाच्या खांद्यावर गोल फिरणारे. वाजवणाऱ्यांत हिंदू असतात, काळे ख्रिस्ती असतात. शेवटी ताजिये समुद्रात सोडतात. सांगलीकडच्या किंवा कोकणातल्या ताबुतांत वाढलेल्या माणसाला हे परकं वाटूच नये. पुढे जे वाद्य वाजतं त्याचं नाव ‘तासा’. गळ्यात अडकवलेलं मातीचं भांडं, वर ताणलेलं चामडं, दोन बारीक काड्या, आणि वाजवायच्या आधी शेकोटीवर तापवणं. पहिल्या टिपरीला माझी मान आपोआप वळली, पुण्यात असल्यासारखी.

एक चिठ्ठी आली आहे : तिथे मराठी माणसं गेली होती का? जहाजं मुख्यतः कलकत्त्याहून गेली, काही मद्रासहून. बहुसंख्य माणसं भोजपुरी, अवधी बोलणारी. मुंबईहून तिकडे रांग लागली नव्हती. तरी बॉम्बे स्ट्रीट आहे. बेटाच्या दक्षिणेला पूना नावाचं एक छोटं गावही आहे. तिथे मला कुणी मराठी भेटलं नाही, पण एका म्हाताऱ्या दुकानदारानं मी मुंबईचा म्हटल्यावर एकच नाव विचारलं. कुणाचं ते तुम्हाला सांगायला नको. बिलात त्यानं पैसे कमी केले नाहीत, तेवढं सांगतो. पुढची चिठ्ठी?