कंसातली व्याख्या

(फोंडा येथील व्याख्यानाचा संपादित अंश)

मंडळी, मुत्सद्दी म्हणून नोकरीत असताना मी जाहीरपणे जे बोललो, ते आधी टाईप होऊन, वरून मंजूर होऊन हातात आलेलं असायचं. आज हातात कागद नाही, त्यामुळे भरकटलो तर सांभाळून घ्या.

निवृत्त झालो आणि दहशतवादविरोधी अभ्यास शिकवायला लागलो. पहिल्या तासाला पन्नास मिनिटं बोललो. शेवटी पेडण्याचा एक मुलगा उठला. "सर, ह्यात तुमचं मत कुठलं?" म्हटलं, "भारताची भूमिका अशी आहे की…" "ती वाचली सर. तुमचं?" माझी बोलतीच बंद. मागच्या बाकावरून कोकणीत आवाज आला, "भिवपाची गरज ना, सर!" म्हणजे घाबरायची गरज नाही.

भीती नव्हती हो. सवय मोडली होती.

दुसऱ्या तासाला त्यांनी दहशतवादाची व्याख्या मागितली. आता आली का पंचाईत! भारतानं 1996 मध्ये संयुक्त राष्ट्रांत दहशतवादविरोधी सर्वंकष कराराचा मसुदा मांडला, तो अजून तसाच पडून आहे. परकीय ताब्याविरुद्ध हत्यार उचलणाऱ्याला काय म्हणायचं, सरकारी फौजांचं काय करायचं, घोडं तिथंच अडलंय. वाटाघाटीत ज्या शब्दावर एकमत नाही तो चौकटी कंसात टाकतात. आमची निम्मी हयात हे कंस उघडण्यात गेली.

मग मी पुस्तक मिटलं आणि आपल्या बाणावलीचा कागद काढला. ऑक्टोबर 2016, ब्रिक्सची, म्हणजे ब्राझील, रशिया, भारत, चीन आणि दक्षिण आफ्रिका ह्या गटाची शिखर परिषद. उरीचा हल्ला होऊन महिनाही झाला नव्हता. गोवा जाहीरनाम्यात सीरियाच्या संदर्भात आयसिसचं नाव आहे. जैश-ए-मोहम्मद, लष्कर-ए-तैयबा ह्या पाकिस्तानातल्या संघटनांची नाहीत. शेजारी ठेवला पुढच्या परिषदेचा, सप्टेंबर 2017 चा शियामेनचा जाहीरनामा. त्यात दोन्ही नावं आहेत, तीही चीनच्या भूमीवर. मुलांना लाल पेन्सिल दिली: फरक शोधा, मग अकरा महिन्यांत काय घडलं ते शोधा. डोकलाम, म्हणजे 2017 मध्ये भारत आणि चीनचं सैन्य समोरासमोर उभं ठाकलं ते प्रकरण, त्यांनीच काढलं. तेच कारण, असं मी म्हणणार नाही. पण वर्ग पेटला.

एका मुलीनं मसूद अझहरचा हिशेब मांडला. डिसेंबर 1999 मध्ये अपहृत विमानातल्या प्रवाशांच्या बदल्यात कंदाहारला सुटला, 2000 मध्ये त्यानं जैश काढली, 2001 मध्ये संघटना सुरक्षा परिषदेच्या निर्बंध यादीत गेली आणि तो स्वतः 1 मे 2019 ला. "सर, दुकानावर बंदी आणि मालक अठरा वर्षं मोकळा?" ही यादी ठरवणाऱ्या समितीत पंधरा देश, एकानं 'तांत्रिक स्थगिती' म्हटलं की फाईल थांबते, हे मी समजावलं. चीननं ते वारंवार केलं. पूर्वी मी ह्याला 'प्रक्रियात्मक विलंब' म्हटलं असतं. त्या दिवशी म्हटलं, "अडवणूक." पेडण्याच्या मुलानं मान डोलावली.

परीक्षेत मी मुद्दाम व्याख्या विचारली, पाच गुणांना. एकानं उत्तराच्या जागी नुसता चौकटी कंस काढला, आत रिकामा. मी चार गुण दिले. एक कापला, कारण कंस कुणी घातला ते त्यानं लिहिलं नव्हतं.